बाटलीच्या तळाशी उरलेलं सेंट

...नाही, पण तुम्हीच सांगा, यात हायड्रॉक्झिलअमीनचा काय दोष? तुम्हाला सांगतो, सेंटच्या कारखान्यात उभा जन्म गेला माझा, वास घेण्यात नव्हे हो, वास मोजण्यात! सेंट आलं की त्यात हायड्रॉक्झिलअमीन घालायचं. ते काय करतं, सेंटाला वास देणारा कीटोन शोधतं आणि त्याच्या गळ्यातच पडतं, सोडायचं नाव नाही. त्यातून आम्ल सुटतं, ते थेंबाथेंबानं मोजलं की कळलं, कीटोन किती.

"पण मग वासाचं काय होतं?" ही विचारायची. ही म्हणजे आमची ही... गेली ना ती गेल्या हिवाळ्यात. मी म्हणायचो, "कीटोन बांधला गेला, आता कसला वास?" तर म्हणे, "म्हणजे तुम्ही वास मारून मग त्याचं वजन करता?" आता अशा बाईला काय सांगणार?

तर हिचं एक सेंट होतं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. बाटलीच्या तळाशी जरासं उरलेलं, मुलगी रोज कपाट उघडून नुसतं हुंगायची. परवा म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढे केमिस्ट, आईचं सेंट तसंच बनवून द्या ना." मला असा हुरूप आला म्हणून सांगू! बनवायचं तर आधी कीटोन किती ते कळायला हवं. हवं की नको? बाटली लॅबमध्ये नेली, फ्लास्कात उपडी केली, अगदी निथळून घेतली, आणि हात आपला सवयीनं गेला की हो शेल्फाकडे... यात हायड्रॉक्झिलअमीनचा काय दोष?

रंग पालटला, आकडा आला. काय सुरेख आकडा! मुलीला फोन लावणार, तोच फ्लास्क नाकाशी नेला... काहीच नाही. म्हटलं, थांबा, बांधलेला कीटोन सोडवताही येतो, आम्लात उकळायचा. उकळला. सुटला बिचारा, वासही आला, फुलांचा, एकदम शुद्ध. पण ही कुठे होती त्यात? बाकीचं सगळं उकळण्यात गेलेलं. तिथेच स्टुलावर बसून रडलो. लॅबचे साहेब म्हणाले, "आम्लाच्या वाफा लागल्या का?" म्हटलं, "हो."

घरी येऊन मुलीला आकडा सांगितला. दुसरं होतं काय माझ्याकडे? ती म्हणाली, "झाकण माझ्याकडे राहिलंय, बाबा. त्याला येतोय अजून वास." मी हात पुढे केला, नुसतं हुंगायला हो... तिनं मूठच मिटली.

आता ते कुठे ठेवलंय, सांगत नाही मला. बरोबरच आहे म्हणा. माझा तरी कुठे भरवसा आहे माझ्यावर?