आठ हलले

...आणि वर मलाच विचारतात, "तुमचं ओकाकारारा गाव एकाएकी गार कसं पडलं?" आता मी काय रात्रीतून बर्फ आणून ओतला? तुम्हीच सांगा. आमच्या परसात तापमापकाची पांढरी पेटी आहे, आईने एकाहत्तर साली बसवलेली. रोज सकाळी आठला पारा बघायचा, वहीत लिहायचा, राजधानीच्या हवामान खात्याला कळवायचा, एक दिवस खाडा नाही. आई वारली त्या सकाळीसुद्धा मी आधी आकडा लिहिला, मग रडायला बसलो. आठ म्हणजे आठ. पण सूर्याला परिपत्रक कोण धाडणार?

चौऱ्याण्णव साली सरकारने ठरवलं, हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे एप्रिल ते सप्टेंबर, घड्याळं तासभर मागे. का, तर पोरं अंधारात शाळेला जातात. बरं बाबा. आई आपली आठलाच पेटीपाशी, पण तोवर ऊन तासभर जास्त चढलेलं, पारा चार अंश वर. राजधानीतून पत्र, "बाई, पेटी चुलीजवळ नेलीत काय?" आईने उलट टपाली कळवलं, "पेटी जागेवर आहे. आठ हलले." विषय संपला... वाटलं.

दोन हजार सतराला तो कायदाच रद्द. पुढच्या हिवाळ्यात मी आठला जातो तर सूर्य नुकता झुडपावर टेकलेला, पारा गारठलेला. लगेच हवामान खात्यातल्या नांगोम्बे साहेबांचा फोन, मला बापासारखं ताते म्हणत, गोड आवाजात, "ताते, चोवीस हिवाळे उबदार, मग अचानक थंडी. संगणक म्हणतो वही सदोष. सगळीच रद्द करतो."

सगळी? आईचीसुद्धा? अहो, मी तीस वर्षं बातमीदारी केली, मंत्र्यांना घाम फोडला, पण सूर्याला परिपत्रक कोण धाडणार, हे या माणसाला समजावता समजावता माझाच घसा बसला. शेजारच्या कावेतुना मावशी शेळीची धार काढता काढता म्हणतात, "मेल्या, शेळी अजून उन्हावरच दूध देते. तिला विचारून लिहिलं असतंस तर?"

शेवटी साहेब म्हणाले, "फरकाचं कारण अर्जात भरा, मग आकडे दुरुस्त करून वही ठेवता येईल." मी लिहिलं, संसद. अर्ज परत. "ताते, कारण यादीतलंच हवं." यादीत काय? वाळवी, चोरी, वादळ, बबून माकडं.

दोन दिवस जेवण गेलं नाही. सूर्याला परिपत्रक नाही, संसदेला रकाना नाही...

बबूनवर खूण केली. वही वाचली. आता सरकारदरबारी नोंद आहे, चोवीस वर्षं दर हिवाळ्यात माकडं यायची, आईची पेटी उन्हात ठेवायची, आणि सप्टेंबरात न चुकता जागेवर आणून ठेवायची.