नंबर निघाला नाही

डोळ्यांत औषध घातल्यावर अर्धा तास डोळे मिटून बसावं लागतं, आणि मिटल्या डोळ्यांच्या माणसाला ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई दवाखान्याच्या बाकावर तशाच बसल्या होत्या. शेजारी एक बाप आणि त्याची आठवीतली मुलगी तपासणी आटोपून येऊन टेकले.

“डॉक्टर म्हणतात, नंबरच नाही.”

“मी सांगत होतेच, बाबा.”

“मग फळ्याकडे का बघत नाहीस? डोळ्यांचं काही नसेल तर तुला खालच्या तुकडीत टाकू, म्हणालेत शाळेत.”

“टाकू देत.”

“अगं, पाचवीत हात वर करून करून खांदा दुखायचा तुझा!”

“सहावीत मी एक प्रश्न विचारला. सर म्हणाले, हे आठवीत आहे, तेव्हा विचार.”

“बरं, मग?”

“मग काय, थांबले दोन वर्षं. यंदा शाळा उघडल्यावर विचारला. म्हणाले, हे सहावीतच झालंय, तेव्हा लक्ष कुठे होतं?”

“कुठला गं प्रश्न?” बाईंनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

“राहू द्या ना, आजी. आता मलाही नीट आठवत नाही.”

बापानं तपासणीचा कागद घडी करून खिशात घातला.

“पण शाळेत सांगायचं काय?”

“बिननंबरचा चष्मा मिळतो ना, बाबा? तो घेऊन टाकू. घालीन मी.”

“त्यानं काय होणार?”

“मी फळ्याकडे बघतेय असं वाटेल.”