दोन कप चहा

मशीनला माणसाचं मन कळतं का, असं तुम्ही नेहमी विचारता, म्हणून सांगते. औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही मोबाइलवर गप्पा मारणारी एक मुलगी तयार करत होतो. समोरच्यानं लिहिलेलं वाचून त्याचा मूड ओळखायचा आणि तसा चेहरा करायचा, हे तिचं काम. माझ्या शेजारी बसणाऱ्या नसीमनं ती तपासायला आपल्या अब्बांना दिली. अम्मी गेल्यापासून ते खुलताबादला एकटेच राहत होते.

मुलीनं विचारलं, "आज कसे आहात?"

अब्बांनी लिहिलं, "सवयीनं दोन कप चहा केला. दोन्ही मीच प्यालो. लई मजा आली."

स्क्रीनवर मुलगी खळखळून हसली. खाली शब्द उमटला, आनंद.

नसीमनं ते वाचलं आणि गाडीची चावी उचलली.

मी म्हणाले, "अरे, हे दुरुस्त करायचंय ना?"

"तू कर. दुःख लिही. मी घरी जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अब्बा रागावले का रे तिच्यावर?"

"नाय," तो खाली बघत म्हणाला. "म्हणाले, तिला काय बोलू नको. तिला समजलं नसंल, पण तिनं विचारलं तरी."