कमळाआडचं बोलणं

—तिथं नको टेकूस प्रवीण, तो गणपती अजून ओला हाय. इकडं ये, उजेडात, नि तोंड माझ्याकडं ठेव. कान माझे कधीच गेले, पण ओठ वाचते मी. रोह्यास्नं यष्टीनं आलास? चहा टाकते, आधी तुझ्या कॅसेटचं बोलू.

आमच्या मनस्वीच्या लग्नाची कॅसेट दिलीस, आमी लावली — नि काय झालं ठाऊक हाय? आमच्यात टीव्ही दोघांत मिळून चालतो. मी दिसतं ते बोलायचं, ह्यांनी ऐकू येतं ते माझ्या तळहातावर बोटानं लिहायचं. ह्यांचे डोळे गेल्यापास्नं असंच. हे मागं माती मळतायत तवर सांगते — मालिकेत कुणी मेलं ना, तर मी त्याला जिवंतच ठेवते. ह्यांचं काळीज हळवं, जेवत नायत मग. आवाज कसा येत नाय म्हणाले, तर सांगते, गावाला गेलाय. तू बोलू नकोस हां.

तर पाठवणी. पोर जीपमध्ये बसली नि काचेतनं तुझ्या कॅमेऱ्याकडं बघून कायतरी बोलली. तवा माझ्या डोळ्यांना पदर, ह्यांच्या कानाशी खालूबाजा वाजत होता. म्हटलं कॅसेटीत कळंल. तू काय केलंस? आवाजावर सिनेमाचं गाणं घातलंस, नि पोरीच्या तोंडावर गरागरा फिरणारं कमळ. हे लिहितात गाणं चाललंय, मी म्हणते कमळ चाललंय. सगळ्यांच्यात घालतोस, व्हय, हौसेनंच घातलंस — पण आमच्या हाती काय लागलं? पोरीला विचारावं, तर म्हणते कॅसेट बघा.

हसू नको रे. हे स्थळ मी रेटलं. ती म्हणत होती, जोहे गाव सोडून जायचं नाय, तुमा दोघांचं कसं व्हायचं. मी ऐकलं नाय — म्हणजे ऐकू येत नाय म्हणून नव्हं, ऐकायचंच नव्हतं.  रागानं गेली का रडत गेली, एवढं कळू दे. गाण्याआधीची, कमळाआधीची कॅसेट आणलीस ना? शाना हायस.

अवो, या, हात पुसा, बसा इथं जवळ. लाव रे.

—जीप आली. मुंडावळ्या सरकल्यात एका बाजूला. काच खाली करतेय. ओठ हलले — थांब, मागं घे — हां. ‘आई, बाबांना मालिका... नीट सांग गो. मेलेल्या माणसाला... किती दिवस गावाला...’

बंद कर. प्रवीण, बंद कर ते.

अवो, तुमी काय हसताय? हात का धरलात — काय लिहिताय — ‘ठाऊक होतं’? कधीपास्नं? नि मला बोलू दिलंत एवढं?

नाय नाय, चालू ठेव, अजून बोलतेय ती. ‘बाबा, तुमीपण आईला खरं लिहा. मालूकाकी पाठ फिरवून आईच्या कालवणाला नावं ठेवते, नि तुमी लिहिता वाखाणलं.’

...हसतेय. अवो, सगळे दात दिसतायत तिचे. हसत गेली आपली पोर.

मालू खरंच नावं ठेवते? — हात कुठं चालला, इकडं द्या तो हात.

प्रवीण, तू ऊठ बाबा. चहा पुढल्या खेपेला. नि ह्या कॅसेटीवर ते गाणं नि कमळ घालूनच आण परत — मालू यायचीय बघायला. नीघ आता.