हवेतली स्क्रीन

दादरच्या दुकानात वस्तू परत करायच्या रांगेत मृणालिनीने कान टवकारले. पुढे बहीणभाऊ बोलत होते.

“हेरंब, हा डोळ्यांवर घालायचा हेडसेट कॉम्प्युटरची सुट्टी करणार होता ना?”

“पहिलं मॉडेल आहे, ताई. मान दुखते. पण स्वयंपाकघरात हवेत स्क्रीन लावली की तिथेच राहते, दिसते मात्र फक्त घालणाऱ्याला, झकास.”

“मग परत का करतोस?”

“आई त्या स्क्रीनला वळसा घालून जाते.”

“हेडसेट लावून बघितला असेल तिने.”

“हातसुद्धा लावला नाही. काल मी त्यातल्या सगळ्या स्क्रीन पुसून तो बॉक्समध्ये बंद केला.”

“मग झालं तर.”

“आज चहा आणताना पुन्हा तिथेच वळली. परत केल्यावर तरी थांबेल ना गं?”

रांग सरकली. दोघांनी मधल्या मोकळ्या फरशीला वळसा घातला आणि मागोमाग मृणालिनीचेही पाय आपसूक वळले.