इंदूबाईंचा आवाज आत अडकला तेव्हा

बसा मंडळी, सरकून बसा! मृदंगाला जरा विसावा द्या. आज फार ताणत नाही, एकच विचारतो — जवळ असणं आणि आपलं असणं, हे एकच का हो?

माना डोलावू नका! टीव्ही तुमच्या घरात आहे, पण रिमोट कुणाच्या हातात? — हां, आता हसलात! तर मग ऐका.

राजापूरच्या अलीकडे एक वाडी आहे. तिथे वामन खडपकर नावाचे गृहस्थ. टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. बायको इंदू तीन वर्षांपूर्वी वारली. एकुलती लेक मृणाल अमेरिकेत. घरात माणूस एक, खुर्च्या चार! आपल्याला ते जाहिरातीचे फोन येतात ना, 'प्रिय ग्राहक' म्हणून? आपण चटकन तोडतो. वामनराव शेवटपर्यंत ऐकायचे! का? अहो, कुणीतरी बाई मराठीत बोलतेय ना!

लेकीनं पूर्वी आईसाठी एक टॅबलेट पाठवला होता. तिकडच्याच एका मोबाइल कंपनीचा. दुसऱ्या कुणाचं सिम त्याला चालायचं नाही, पण घरच्या वायफायवर चालायचा. त्यात त्याच कंपनीचं आवाज टिपायचं ॲप होतं. इंदूबाई रोज दुपारी त्यात बोलायच्या — फणसाची सांदणं कशी करायची, कुळथाच्या पिठीला फोडणी कशी द्यायची, शेजारच्या म्हशीनं कुणाचा भोपळा खाल्ला! — आणि लेकीला पाठवायच्या.

पुढे इंदूबाई गेल्या. आणि मग, मंडळी, कंपनीनं ती सेवाच बंद केली! लेकीकडचं सगळं गेलं. इकडे ॲप उघडलं की एकच पाटी — 'प्रवेश नाही'. आवाज आत, ऐकणारा बाहेर!

मृणाल फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा आवाज एकदा ऐकायचाय हो."

एवढंच. वामनराव म्हणाले, "बघतो." आणि फोन ठेवला. फार बोलायची सवयच नव्हती त्यांना.

निघाले! राजापूर झालं, रत्नागिरी झाली. प्रत्येक दुकानदार म्हणे, "आजोबा, कोरा करून देतो! अगदी नव्यासारखा!" की वामनराव टॅबलेट छातीशी धरून पायऱ्या उतरायचे. कोरा! अहो, नवा कुणाला हवा होता?

शेवटी अणुस्कुरा घाटानं एसटीनं कोल्हापूर. तिथे रेहाना बागवान नावाची बाई, मोबाइल दुरुस्तीत वीस वर्षं घालवलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "काका, याला रूट करायला लागतंय. रूट म्हंजे मूळ. यंत्राच्या मुळापर्यंत जायची परवानगी. ती मिळाली तरच ॲपच्या आतल्या फायली हाताला लागतील."

"मग करा की."

"दारात राखणदार बसलाय न्हवं! बूटलोडर म्हणत्यात त्याला. यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी त्योच जागा होतोय. आणि कंपनीनं त्याला कुलूप घातलंय, किल्ली कुणालाच दिलेली न्हाई. जबरदस्तीनं उघडलाच, तर तो दार उघडायच्या आधी घर झाडून मोकळं करतोय. सगळं पुसतोय!"

ऐकलंत? दार उघडेल, पण आत काही उरणार नाही!

वामनराव स्टुलावर बसले. रेहानानं पाण्याचा ग्लास पुढे केला, टॅबलेट चालू करून काहीतरी पाहिलं — आणि थबकली. "काका, हे कधीच अपडेट केलं न्हाई?"

"ती गेली, मी वायफाय काढून टाकलं. कुणासाठी ठेवायचं?"

"लई बरं केलासा! या जुन्या आवृत्तीत एक फट राहिलीय. राखणदाराला न उठवता आत जाता येईल. पण यंत्र बंद होईपर्यंतच. तेवढ्यात उचलायचं."

टॅबलेट संगणकाला जोडला. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा पडदा काळा झाला — वामनरावांनी डोळे मिटले! तिसऱ्यांदा रेहाना हळूच म्हणाली, "आलं काका. त्रेचाळीस फायली हायत."

तिनं एक लावली. "मृणाल, कुळीथ आधी भाजून घे गं..." तीन वर्षांनी! वामनराव ऐकत राहिले. म्हशीला हसले, सांदणांना रडले.

मग रेहाना म्हणाली, "काका, ही शेवटची पाठवलेलीच न्हाई. ऐकायची?"

लावली. इंदूबाईंचा आवाज. अगदी बारीक.

"मृणाल, हे शेजारीच बसलेत पेपर वाचत. सकाळपासून दोन शब्द बोलले, 'चहा' आणि 'झाला'. तसे वाईट नाहीत गं. पण घर इतकं गप्प असतं, की मी या डब्याशी बोलते. जाऊ दे. हे काही पाठवत नाही."

रेहाना खाली मान घालून म्हणाली, "पुसू का ही? लेकीला कळायचं न्हाई."

मंडळी, खरं सांगा — तुम्ही काय म्हणाला असतात?

वामनराव म्हणाले, "ठेवा. ती माझ्यासाठीच आहे."

संध्याकाळी बसस्टँडच्या बाकावरून त्यांनी लेकीला फोन लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. सगळं सांगितलं. ती शेवटची फाइलसुद्धा, शब्दन् शब्द. मृणाल म्हणाली,

"बाबा, तिनं पाठवलं नाही, तरी मला माहीत होतं. भोपळ्याची गोष्ट सांगतानासुद्धा कळायचं."

एरवी इथे वामनरावांनी 'बरं, ठेवतो' म्हटलं असतं. म्हटलं नाही! म्हणाले, "मृणाल, तुला वेळ आहे? ... घाटात आज धुकं होतं बघ. ड्रायव्हरनं भरदिवसा दिवे लावले. आणि माझ्या शेजारच्या बाईच्या पिशवीत कोंबडी होती..."

पहिली एसटी निघून गेली, मंडळी. ते बोलत होते. दुसरीही गेली!

टॅबलेटला तरी परक्या कंपनीनं कुलूप घातलं होतं. आपल्या तोंडाला कुणी घातलंय हो? घरी जाल, चपला काढाल, तेव्हा आत कुणीतरी असेल. देव तर आपल्या गप्प बसण्यातलंही ऐकतो. माणसाला ते जमत नाही, माउली! त्याच्याशी बोलावं लागतं. हार-फुलं मला घालू नका, आरतीलाही थांबू नका. उठा. घरी वाट पाहतंय कुणीतरी.