हातात कधी येईल

(नाशिकमधलं एक हॉस्पिटल, दुपार. झुंबरबाई पलंगावर, उद्या सकाळी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. थोरली लेक आशा उशाशी. धाकटी हर्षाली पुण्याहून आत्ताच आलेली.)

आशा : तो डबा कशाचा? मला वाटलं आईला काही खायला आणलंस.

हर्षाली : बर्फाचा आहे, ताई. उद्या लागेल.

झुंबरबाई : सुजंवर लावायला का गं?

हर्षाली : नाही, आई. उद्या डॉक्टर तुझ्या गुडघ्यातला खराब भाग कापून काढतील ना, तो एरवी टाकूनच देतात. मला तो अभ्यासाला हवाय. लगेच बर्फात ठेवावा लागतो. डॉक्टरांशी बोललेय मी, फक्त तू हो म्हणायला हवंस.

आशा : म्हणजे आईला बघायला नाय आलीस तू.

हर्षाली : दोन्हीसाठी आलेय.

आशा : माझ्या तेजूच्या हळदीला सुट्टी नव्हती. ह्याला बरी मिळाली.

झुंबरबाई : आशे, घडीभर बसू दे तिला. हर्षाली, मला एक सांग. औषध झालं का तुझं?

हर्षाली : कुठलं औषध?

झुंबरबाई : गुडघ्याचं. तू काढतीयस ते.

हर्षाली : आई... मी औषध नाही काढत.

झुंबरबाई : मंग इतकी वर्सं काय करतीस तिकडं?

हर्षाली : गुडघा का झिजतो ते शोधतेय. हाडाच्या टोकावर गुळगुळीत गादी असते, कूर्चा. तिच्यात पेशी असतात. पेशीत काय बनवायचं, त्याचे निरोप सारखे निघत असतात. त्या निरोपाला आरएनए म्हणतात. त्याच्यावर कुठंकुठं एक बारीक खूण चिकटवलेली असते, मिथाइलची. कुठला निरोप टिकवायचा, कुठला लवकर मोडायचा, ते बरंचसं त्या खुणेवर ठरतं.

झुंबरबाई : बरं.

हर्षाली : झिजलेल्या गुडघ्यात ह्या खुणा बदललेल्या दिसतात. मग गादी बनवायचे निरोप कमी पडतात, आणि गादी कुरतडणारे वाढतात.

झुंबरबाई : कुणी बदलल्या खुणा?

हर्षाली : ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. खुणा बदलल्यामुळे झीज होते, की झीज झाल्यावर खुणा बदलतात, तेसुद्धा नक्की नाही.

आशा : म्हणजे काहीच सापडलेलं नाय.

झुंबरबाई : दोन वर्सांमागं सापडलं म्हणाली व्हती की ही. फोनवर. रडत व्हतीस तू, हर्षाली. आई, सापडलं, सापडलं, म्हणून.

हर्षाली : ते उंदरांमध्ये, आई. खूण लावणारं एक प्रथिन असतं, ते आम्ही दाबलं. तर उंदरांच्या गुडघ्याची झीज कमी झाली.

झुंबरबाई : उंदराला गुण आला?

हर्षाली : हो. थोडासा.

आशा : नशीब काढलं उंदरांनी.

हर्षाली : ताई, टोमणे नको मारूस. उंदरांपासून माणसांपर्यंत यायला खूप वर्षं जातात. कधीकधी येतही नाही ते. मी काय करू?

झुंबरबाई : मी तुला विचारलं व्हतं. त्याच फोनवर. आता हातात कधी येईल म्हणून. तू म्हणालीस, दोन वर्सं लागतील, धीर धर.

हर्षाली : ते... अगं, मला वाटलं, तू पदवीचं विचारतेयस. पीएचडी हातात कधी येईल, ते.

झुंबरबाई : पदवी?

हर्षाली : हो.

झुंबरबाई : मला गं काय ठावं, ती हातात येती म्हणून.

आशा : तुला कळतंय का, हर्षे, काय झालंय? डॉक्टर तवाच म्हणाले व्हते, बदलून टाका गुडघा, अजून पाय सरळ हाय. ही ऐकंना. माझी पोर औषध काढतीय, दोन वर्सांनी येणार हाय, मी कापून घ्यायची नाय. द्राक्षाच्या बागेत, गल्लीत, समद्यांना हेच. पट्टी बांधून क्रेट उचलत राहिली. निमाणीच्या स्टँडवर बसमधून उतरताना पडली, तरी हेच.

हर्षाली : मला एक फोन करायचास ना, ताई.

आशा : कशाला? मलाबी खरंच वाटलं. तू एवढी शिकलेली. तुझ्या तोंडचं खोटं कसं असंल?

हर्षाली : डॉक्टर आता काय म्हणतात?

आशा : पाय बाहेरच्या अंगाला पार वाकलाय. ऑपरेशन करूनबी पुरता सरळ होईल का, सांगता येत नाय म्हणाले. माझ्या पोरीच्या हळदीला आई मांडवाबाहेर खुर्चीत बसून व्हती. आत यायला दोन पायऱ्या व्हत्या.

हर्षाली : आई, हा विषय मी तुझ्यामुळेच घेतला गं. तुझे गुडघे बघून.

झुंबरबाई : माझ्यामुळं घेतलास. अन् मला कधी विचारलं नाय, आई, तुझा गुडघा कसा हाय.

हर्षाली : विचारायचे की.

झुंबरबाई : बरी हायेस ना, विचारायचीस. मी म्हणायची, बरी हाय. झालं.

हर्षाली : ताई, तू का सारखी पाय चोळतेयस?

आशा : काय नाय. उठता-बसता वाजतो.

हर्षाली : दाखवून घे मग. आत्ताच.

आशा : घेईन. तुझ्या भरवशावर नाय ऱ्हायची मी.

झुंबरबाई : हर्षाली, घेऊन जा तो तुकडा.

हर्षाली : रागात हो म्हणू नकोस, आई. तू नाही म्हणालीस तरी चालेल.

झुंबरबाई : राग नाय. टाकूनच देणार हायेत, तर तुझ्या डब्यात जाऊ दे. कुणाच्या तरी कामाला यील. पन एक कर. इथून पुढं सापडलं म्हणून कुणाला सांगू नको.

हर्षाली : नाही सांगणार.

झुंबरबाई : वाट बघत थांबत्यात गं माणसं.

हर्षाली : आज मी राहते तुझ्याजवळ. ताई, तू घरी जा, जरा पाठ टेक.

झुंबरबाई : आशाच ऱ्हाईल. मला उठवायचं कसं, ते तिला ठावं हाय.

हर्षाली : मग सकाळी येते. ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बसून राहीन मी, हलणार नाही.

झुंबरबाई : बसशील की. तुझं सामान निघायचं हाय ना आतून.